फुंकर मारलेला जोड

अहो शीतलचे आबा,

तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली. मी कधी तुमच्या फोटोपुढं रडत बसले न्हाई, मग पत्र कुठलं लिहिणार? पण आज तुमच्याशी भांडायचं हाय. शिवाय तुमची एक गोष्ट मी नातीला सांगून बसले. ती माझ्याच तोंडून ऐका.

शीतल आता एका संशोधन संस्थेत हाय. सरकारी न्हाई, कुण्या शेठची न्हाई. नफा काढायचा न्हाई, आभाळाचा अभ्यास करायचा, असलं काम. यानावर बसवायचं यंत्र तिथं बनतंय. सूर्याकडून येणारे बारीक कण मोजतं म्हणे. त्यातल्या विजेच्या कार्डावर तारा जोडायला कथलाचे डाग देते आपली शीतल. आणि डाग द्यायला शिकवलं कुणी? तुम्हीच की! निलंग्याच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात, पाण्याच्या जळक्या मोटारींच्या ढिगात बसवून.

पण हुनरासोबत खोडही दिलीत. डाग दिला की मारली फुंकर! कथील आपसूक निवू द्यावं, एवढा दम कधी होता तुम्हाला?

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"आज्जे, माझ्या हातून चूक झाली."

"कुणाशी लगीन लावून आलीस का?"

"थट्टा नको गं. चष्म्यावर वाफ धरत होती म्हणून मास्क खाली घेतला, आन् आबांसारखी फुंकर मारली. एकाच जोडावर. सवयीनं."

फुंकरीनं जोड वरून धरतो, आत कच्चा राहतो. रॉकेट थरथरलं की तडकला! तपासणाऱ्याला दोष दिसला न्हाई, चाचणीत जोड पास झाला, वरून जपणुकीचा लेपही बसला. दुसऱ्या दिवशी यंत्राची पेटी बंद करून पाठवायची होती. सांगावं, तर पेटी थांबणार, यंत्र यानावर चढायचं राहणार, कितीजणांची मेहनत अडकणार, हिची नोकरी जाणार. न सांगावं, तर वर बिघडल्यावर पाना घेऊन कोण जाणार?

"कुणी बघितलं?"

"कुणीच न्हाई." मग म्हणाली, "आज्जे, आबा असते तर त्यांनी काय केलं असतं?"

आता काय सांगायचं होतं मी? ती तुम्हाला देव मानते! 'गप बस, कुणाला कळतंय' हे अगदी जिभेवर आलं होतं. तुमच्या संसारात तेच तर करत आले.

किल्लारीच्या भानुदासरावांची विहिरीवरची मोटार आठवते? तुम्ही दुरुस्त करून दिलीत, आठ दिवसांत जळून परत आली. तुम्ही उघडलीत, तर तुमचाच जोड सुटलेला. मी शेजारी उभी होते. आणि त्यांना काय म्हणालात? "चालवताना ध्यान ठेवा जरा. मोटार तुमच्याच हातानं जळाली." बापडा मान हलवून गेला. टमाट्याचं रान वाळलं. मोटार धाकट्यानं जाळली म्हणून भावाभावांत जुंपली, चुली वेगळ्या झाल्या. हे मला त्याच्या बायकोनं बाजारात सांगितलं. तवाही मी गप्प!

हे सगळं शीतलला सांगितलं. वाटलं, पोर तुटली आपल्याला. तुम्ही रागावलात? खुशाल रागवा.

"ठेवते," एवढंच म्हणाली.

बुधवारी फोन पदरात घेऊन शेंगा फोडत बसले. टरफलं कुठं, दाणे कुठं, ध्यान न्हाई. दोनदा वाजला, दोन्ही वेळा कंपनीवाल्यांची बडबड. दिवस कलताना एकदाचा तिचा आला.

"सांगितलं, आज्जे. साहेबांनी आधी कार्ड बाहेर काढायला लावलं. मग म्हणाले, लेप काढा. भिंगाखाली बघितलं तर कडेला केसाएवढी भेग. पेटी थांबवली. मला जोडकामावरनं काढलं. पुढचं अजून ठरलं न्हाई."

"रडतेस काय?"

"न्हाई. पण एक विचारू? त्या भानुदासआबांना तू खरं सांगितलंस का कधी?"

सांगा, काय उत्तर देऊ? तुम्ही सुटलात. मी अजून हाय, आणि दोघं भाऊही हायत.

म्हणून उद्या सकाळच्या बसनं किल्लारीला निघालेय. दोघांना एका ओट्यावर बसवीन आणि सांगीन, जोड आमचा सुटला होता, आणि मला ठाऊक होतं. शिव्या देतील, दारातून हाकलतील. हाकलू द्या. शब्द देते, दोघांच्या कानावर घातल्याशिवाय परतीची गाडी धरणार न्हाई.

शीतलची आज्जी,
गयाबाई