कुंपणाची खडखड

१४ ऑक्टोबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं आहोत तसे आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो?

सकाळपासून शाळेचं कुंपण डोळ्यांपुढे आहे. शाळा सुटली की तू फूटपट्टी फळ्यांवरून ओढत पुढे पळायचीस, खडखडखड, आणि मागून सिस्टर ओरडायच्या, "ही शाळा आहे, तबेला नाही!" तू पट्टी लपवायचीस. कोपरा वळला की पुन्हा सुरू. तू दिसली नाहीस तरी मला कळायचं, कुठवर पोचलीस.

आमचं परसातलं कुंपण वादळात आडवं झालं. कुंपणवाला दोन नमुने उभे करून गेलाय, एक लाकडाचा, एक व्हिनाइलचा. व्हिनाइल म्हणजे पांढरंशुभ्र प्लॅस्टिक, सलग आणि गुळगुळीत. म्हणाला, "ताई, हेच घ्या. ना रंग, ना वाळवी. आयुष्यभर बघायला नको."

"कुणाच्या आयुष्यभर?" मी विचारलं. तो हसला. मीही हसले.

तुला कळवलं नव्हतं, पण तुझ्या भाऊजींचं विसरणं आता नावांपुरतं राहिलेलं नाही. दिवसभर काठी फळ्यांवरून ओढत परसात फेऱ्या मारायचे. मी स्वयंपाकघरातून त्यांना कानांनी सांभाळायची. कुंपण पडलं त्या दिवशी आवाज आला नाही. वाटलं, झोपलेत. दोन अनोळखी माणसांनी त्यांना परसामागच्या कालव्यातून ओढून काढलं. छातीपर्यंत भिजलेले, काठी मुठीत घट्ट. मला म्हणाले, "बाई, इथलं कुंपण कुणी नेलं?"

बाई म्हणाले गं मला.

ते नुसती नावं विसरायचे तेव्हाच तू म्हणालीस, त्यांना संस्थेत ठेव. मी फोन आपटला, आणि त्यानंतर तुझा एकही फोन घेतला नाही. गेल्या आठवड्यात मीच एक संस्था बघून आले. स्वच्छ आहे. माणसं भिंतीकडे तोंड करून बसलेली. का गेले होते, ते सांगते.

काल ह्यांना दोन्ही नमुन्यांपाशी नेलं. व्हिनाइलवरून काठी नुसतीच सरकली. कावरेबावरे झाले, माझी बाही धरली. मग लाकडाच्या चार फळ्यांवर खडखड वाजली, आणि म्हणाले, "याला तेल पाजायला हवं." केवढ्या दिवसांनी असं धड वाक्य!

लाकूडच सांगितलंय. पण लाकडाला दर उन्हाळ्यात तेल लागतं, आणि माझ्या पोटातला आजार मला पुढचा उन्हाळा दाखवणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. घे, लिहून टाकलं एकदाचं.

तूही तिकडे एकटीच आहेस. इथे येऊन राहशील? नाही म्हणालीस तर ह्यांना त्या भिंतीसमोर बसवावं लागेल. तरी राग धरणार नाही. आता राग धरायला उसंत कुठे आहे?

शिवणयंत्र वहिनीला दे. भरतकामाच्या बक्षिसाची कात्री तुझ्या लेकीला. पुस्तकं शेजारच्या मास्तरीणबाईंना. त्या वाचणार नाहीत, पण जपतील. पायरीखालचा तेलाचा डबा आणि ब्रश तुला. स्वयंपाकघराची खिडकीही तुला. ती थंडीतसुद्धा उघडी ठेव. खडखड थांबली, की हातातलं पातेलं तसंच टाकून धाव.

तुझ्या मागून चालत यायची ती,
ताई