रोगाचा पहिला दिवस

९ नोव्हेंबर १९३१, सोमवार

रत्नागिरीस सुखरूप पोचलो. सर्व्हिस मोटारीने आंबा घाट उतरताना दोनदा उलटी झाली, पण खाली आल्यावर हवाच बदलली. लाल माती, कुंपणाला चिऱ्यांचे गडगे, आंब्याच्या कलमांच्या बागा, आणि एका वळणावर एकदम समुद्र! मी साताऱ्याकडचा माणूस. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि भर मोटारीत ओरडलो. शेजारचे गृहस्थ हसू लागले.

डॉ. फणसळकरांचा दवाखाना गावाबाहेर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर आहे. लांबट चिरेबंदी इमारत, खाली बारा खाटा, माडीवर प्रयोगशाळा. डॉक्टर विलायतेत शिकलेले, पन्नाशीचे, बोलायला फार मऊ. मला उतरवून घ्यायला स्वतः मोटारीपाशी उभे होते. माझी ट्रंक उचलायला वाकले तेव्हा मला लाजच वाटली. म्हणाले, "चिवटे, तुमच्यासारखा टापटिपीचा माणूस हवाच होता." खोलीची खिडकी समुद्राकडे. स्वयंपाकाला सगुणा नावाची लांज्याकडची बाई आहे. तिने कुळथाचं पिठलं वाढलं. तीन वेळा मागून घेतलं.

१२ नोव्हेंबर

काम समजलं. इथे एकाच रोगाचा अभ्यास चालतो, तो म्हणजे मूत्रपिंडांचा जुनाट विकार. सकाळी सातला प्रत्येक रुग्णाची लघवी काचेच्या नळीत घ्यायची, दिव्यावर उकळायची आणि आम्लाचे दोन थेंब टाकायचे. निरोगी माणसाची नळी स्वच्छ राहते. रोग्याच्या नळीत पांढरा ढग उतरतो. रक्तात राहायचं सत्त्व मूत्रपिंडांतून गळून जात असतं, तो हा ढग. मग वजन, रक्ताचा दाब, पायांच्या सुजेचं माप. सगळं नोंदवहीत.

डॉक्टरांचा प्रश्न साधा आहे. मीठ तोडलं तर हा रोग आटोक्यात राहतो का? विषम क्रमांकांच्या खाटांना अळणी जेवण, सम क्रमांकांना नेहमीचं. कुणाला कुठली खाट, ते चिठ्ठी टाकून ठरतं, म्हणजे पक्षपात नको. मला ही पद्धत फार आवडली. तुलनेला रोज एक निरोगी नळी लागते. ती माझी.

इकडे हिवताप फार. म्हणून डॉक्टर सगळ्या कामकऱ्यांना न्याहारीआधी स्वतःच्या हाताने कडू डोस पाजतात. प्रत्येकाची पेली वेगळी, तिच्यावर नाव. केवढी काळजी!

२६ नोव्हेंबर

रुग्णांशी ओळख झाली. पाच नंबरचा गंगाराम हा सगुणेचा नवरा. दोन वर्षांपूर्वी सूज येऊन फुगला होता, तेव्हा बैलगाडीतून आणला. त्याच्या पायाशी राहता यावं म्हणून ती इथे स्वयंपाकाला लागली. रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून नवऱ्याची नळी बघते. अक्षर येत नाही, पण ढग किती दाट ते अचूक सांगते.

आठ नंबरचे आप्पा गुहागरचे, जुने तांडेल, म्हणजे गलबतावरचे म्होरके. खाट सम, म्हणून त्यांना सुका बांगडा मिळतो. गंगाराम रोज भांडतो. "त्या आप्पांस बांगडा नि माला अळणी पेज! माजा काय गुन्हा झाला?" आप्पा त्याला दाखवून दाखवून बोटं चाटतात. सगळा दवाखाना हसतो. मीही हसतो.

१९ डिसेंबर

गंगाराम विहिरीपर्यंत चालत गेला. सूज जवळजवळ ओसरली, ढगही विरळ झाला. सगुणा डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवून रडली.

आप्पांच्या नडगीवर बोट दाबलं तर खळगा पडतो आणि बराच वेळ भरून येत नाही. मी डॉक्टरांना विचारलं की आता फरक कळलाच आहे, तर आप्पांचंही मीठ बंद करावं का. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तक्ता सहा महिन्यांचा आहे. मध्येच सोडला तर तो कुणी मानणार नाही, आणि पुढे हजारो माणसं अशीच फुगून मरतील. मला ते पटलं. संध्याकाळी आप्पांच्या ताटात बांगडा होता. त्यांनी अर्धा परत पाठवला.

३ जानेवारी १९३२

आप्पा गेले. तीन दिवस उचकी, अंगाला खाज, तोंडाला लघवीसारखा वास. शेवटी झटके आले. मी त्यांची जीभ दातांखाली जाऊ नये म्हणून चमचा धरून बसलो होतो. डॉक्टरांचे डोळे खरोखर भरून आले. मग त्यांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली.

ओटीवर चहा घेताना डॉक्टर म्हणाले, "मी नेहमी उशिरा पोचतो. माणूस फुगल्यावर, फिका पडल्यावर माझ्याकडे येतो. या रोगाचा शेवटचा दिवस मी पन्नास वेळा पाहिला. पहिला दिवस जगात कुणीही पाहिलेला नाही. तो पाहिला तरच इलाज सापडेल."

मला त्यांची कीव आली. आदरही वाटला.

१४ जानेवारी

संक्रांत. सगुणेने तिळगूळ दिला. बागेत कलमं मोहरली आहेत, वास थेट माडीपर्यंत येतो.

सकाळी माझी नळी किंचित गढूळ दिसली. नळी धुतली, पुन्हा उकळली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नवीन नळी घेतली. तळाशी बारीक पांढरा धूर.

डॉक्टरांना दाखवली. ते बराच वेळ ती उजेडात धरून उभे होते. थंडीमुळे होतं, म्हणाले, काळजी नको. मग त्यांनी घड्याळ काढलं आणि वेळ लिहून घेतली.

२० जानेवारी

ढग वाढतो आहे. सकाळी पापण्या जड होतात. आरशात दुसऱ्याच कुणाचा तरी गुबगुबीत चेहरा. चपलेचा पट्टा एक भोक सैल करावा लागला.

डॉक्टर खेडला एक रोगी पाहायला दोन दिवस गेले आहेत. गंगारामच्या जुन्या नोंदी हव्या होत्या म्हणून मी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती, मी कधी न पाहिलेली.

त्यात पहिलं पान दहा नंबरच्या भागोजीचं. भागोजी रुग्ण म्हणून आला असं मी समजत होतो. तो इथला माळी होता. नोंद अशी: पहिले चाळीस दिवस नळी स्वच्छ. एक्केचाळिसाव्या दिवशी ढग. पुढे दाब, सूज, सगळं क्रमाने. समासात लाल शाईने रोजचा एक आकडा, वाढत गेलेला.

दुसरं पान चार नंबरचं. 'प्रयोगशाळा साहाय्यक, वय २६, प्रकृती उत्तम.' माझ्या आधीच्या माणसाचं. हजार मैलांवर नोकरी लागून गेला असं मला सांगितलं होतं. पान सात महिन्यांचं आहे. शेवटच्या ओळीत फक्त वेळ.

तिसरं पान माझं. ९ नोव्हेंबरपासून.

वहीमागे पिवळ्या खड्यांची बाटली. युरेनियमचा क्षार. शिकताना वाचलं होतं, याने सशांची मूत्रपिंडं निकामी करून रोगाचा अभ्यास करतात. लाल शाईचा आकडा कशाचा ते कळलं. पेलीवर नाव कशाला ते कळलं.

चौथं पान सगुणेचं. नळी अजून स्वच्छ.

२२ जानेवारी

काल कलेक्टर कचेरीला पत्र टाकलं. ते आज डॉक्टरांच्या टेबलावर होतं, न फोडलेलं. टपालाची पिशवी त्यांच्याच गड्याकडे असते, हे मी कसं विसरलो? त्यांनी ते माझ्या हातात परत दिलं. रागावले नाहीत. म्हणाले, जायचं तर जा, मी अडवत नाही.

गेलो. मोटारतळापर्यंत चालत गेलो आणि तिथेच बसलो. छाती भरून आली, श्वास पुरेना. मग लक्षात आलं की या रोगावर जो काही उपाय आहे तो साताऱ्यात कुणाला ठाऊक नाही. पुण्यातही नाही. तो फक्त त्या घरात आहे.

माझ्याच पायांनी परत आलो.

२५ जानेवारी

डोस घ्यायला साफ नकार दिला. डॉक्टर म्हणाले की आता त्याची गरजही नाही. मग चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. मी काढली.

आठ.

गंगारामला मिळतं तसं अळणी जेवण द्या म्हणून मी त्यांचे पाय धरले. ते माझ्या शेजारी जमिनीवर बसले. "चिवटे, ही पद्धत तुम्हालाच किती आवडली होती," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.

११ फेब्रुवारी

मिठाला हात लावत नाही. नुसता भात गिळतो. डॉक्टरांना कळलं. आता गडी दोन्ही हात धरतो आणि डॉक्टर खारं पाणी मोजून पाजतात.

गंगारामला सगळं सांगितलं. तो तोंड फिरवून झोपला. भागोजी ऐकून रडला, पण त्याला उठता येत नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं आहे की या रोगात डोकं फिरतं, माणूस वाटेल ते बोलतो. खरं आहे ते. आप्पाही बोलत होते. आप्पा काय बोलत होते ते मी ऐकलंच नाही.

२ मार्च

अक्षरं दुहेरी दिसतात. उजव्या डोळ्यापुढे काळा डाग.

सगुणेला सांगितलं, डोस घेऊ नको. ती रागावली. "ज्येनी माजा कपाळाचा कुंकू राखला, त्येंच्यावर असा आळ घेतास?" तिच्या पापण्या सुजल्या आहेत. तिला ते जागरणाने वाटतं.

९ मार्च

डॉक्टर गावात गेले होते. सगुणेला विनवलं, एकदाच माझ्यासाठी नळी भरून आण. मला माडीवर चढवत नाही. तिनेच दिवा, नळ्या, आम्लाची बाटली खाली आणली. तिच्याच हाताने उकळायला लावलं. थेंब मी टाकले. एक नळीबाहेर पडला.

मला दिसत नव्हतं. तिला दिसलं.

दोन वर्षं रोज सकाळी तिने तो ढग पाहिला होता. नळी दिव्यापासून दूर नेली, जवळ आणली. मग एवढंच विचारलं, "ह्यो माजा?"

हो म्हणालो.

१० मार्च

तिने निळी वही काढली. पदराखाली बांधली. लांज्याला तिचा भाऊ आहे, त्याची मामलेदाराशी ओळख आहे. पायवाटेने जाणार, मोटाररस्त्याने नाही. गंगारामला सांगितलं नाही. जाताना माझ्या उशाशी पेज ठेवली. अळणी. चार महिन्यांत इतकं गोड काही खाल्लं नाही.

११ मार्च

उचक्या. डॉक्टरांनी वही शोधली. कपाटं आपटण्याचा आवाज. मग मोटार सुरू झाली — गेली —

मी देवाचं नाव घेत नव्हतो, तेही घेतलं.

१२ मार्च

काही दिसत नाही. बोटाने ओळ धरून लिहितो आहे. ऊन मानेवर पडतं आहे, म्हणजे दुपार असावी. गंगाराम विचारतो सगुणा कुठे. मी म्हणालो माहेरी. त्याने माझा हात धरला. माझं बोलणं खरं होतं ते त्याला कळलं आहे — आता कळलं —

भागोजी सकाळी गेला. कुणी वेळ लिहिली नाही.

ती पोचली असेल. एवढा वेळ म्हणजे पोचलीच. आता तिथून माणसं येतील. मी

मोटार. फाटकात थांबली. दोन दारं वाजली —

कचेरीची माणसं असतील. गंगाराम, बघ ना कोण —

हात सुटला त्याचा.

डॉक्टरांचे बूट. सावकाश, नेहमीसारखे. सांगताहेत गड्याला, बारा नंबरची चादर बदल. मऊ आवाजात. बाई दमली आहे, म्हणाले, तिला आधी पाणी द्या. आणि बुटांच्या मागे अनवाणी पाय — जोडवी — फरशीवर जोडवी वाजताहेत — सगुणे, तू वही कुठे