देवीचं कवच आणि माझी रीडरशिप

अंधेरी (पूर्व),
गोकुळाष्टमी, १९८४

ती. धोंडूमामांस,

चंद्रप्रकाशचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा दमा? देवळात गाऱ्हाणी घालायला अजून तसेच तासन्‌तास उभे राहता काय? (विचारायला कारण आहे, पण ते पुढे.)

इकडे मी मजेत, म्हणजे पुरती वाट लागली आहे. कॉलेजात इतकी वर्षं इतिहास शिकवून अखेर रीडरच्या, म्हणजे प्रोफेसरच्या एक पायरी खालच्या, जागेसाठी अर्ज केला. दिवाळीनंतर मुलाखत. एखादा दणदणीत शोध हवा, आणि तो मला चक्क रिक्षा स्टँडच्या मागे सापडला! तिथे पिंपळाखाली शेंदूर फासलेली देवी आहे, ती मुळात शिलाहारांच्या काळातली गधेगाळ असावी असा मला दाट संशय. (गधेगाळ म्हणजे दान दिलेली जमीन जो बळकावेल त्याला गाढवावरून अर्वाच्य शिवी देणारा कोरीव दगड. हल्लीच्या बिल्डरांसाठी ही प्रथा पुन्हा सुरू करायला हवी.)

पण वर शेंदराचं हे एवढं जाड कवच. जरा खरवडू का, म्हणून देवीची देखभाल करणाऱ्या सोनूबाईला विचारलं, तर म्हातारीने झाडूच उचलला. मग बोलता बोलता मी गुरवाचा भाचा असल्याचं तोंडून निसटलं आणि झाडू खाली आला. जुना पुजारी एमआयडीसीत पर्मनंट झाल्यापासून देवी बिनपुजाऱ्याचीच होती. "मग रोज सकाळी तूच ये रे मास्तर! कवच काय, मनात आलं की ती आपणहून टाकते." झालं! आधी पूजा, मग कॉलेज. रिक्षावाले आता मला भाडं नाकारत नाहीत, उलट पाया पडतात.

आणि मामा, परवा तिने खरंच कवच टाकलं! आत चंद्र, सूर्य, गाढव आणि खाली अख्खा लेख! मला रडूच फुटलं हो. ओला कागद चिकटवून शाईने ठसा घेतला की रीडरशिप घरात. पण देवीला उघडी ठेवायची नाही अशी इथली रीत. दिवस मावळायच्या आत नवा शेंदूर चढलाच पाहिजे, आणि तो पुजाऱ्यानेच चढवायचा. तोवर निम्मं गावठाण नैवेद्य घेऊन हजर. कोणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कोणाची गिरणी बंद, आणि गाऱ्हाणं घालायला मी एकटा. पलीकडच्या आळीतली कॉन्सेप्टाबाईसुद्धा मेणबत्ती घेऊन आली. मला अशी काही तंद्री लागली की आरती म्हणत म्हणत दोन्ही हातांनी मीच शेंदूर फासला. शेवटची ओळ बुजली तेव्हा ठसा आठवला. भिजवलेले कागद बादलीतच होते!

आमचे विभागप्रमुख शरच्चंद्र म्हणतात, पुरावा दाखवा. सोनूबाई म्हणते, याआधी कवच पडलं तेव्हा ती नवी नवरी होती.

गुडघ्याला तेल चोळत जा, मामीला नमस्कार सांगा.

तुमचा भाचा,
चंद्रप्रकाश

ता.क. विनंती एवढीच, की दिवाळीआधी इथे येऊन देवीला कौल लावा आणि कवच पुन्हा टाकतेस का म्हणून विचारा. तुमच्यासारख्या जुन्या गुरवाला ती नाही म्हणायची नाही. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

ता.ता.क. पत्र पेटीत टाकण्याआधी मीच गुपचूप देवीला ओले तांदूळ चिकटवून कौल लावून पाहिला. उजवीकडचे पडले तर हो, डावीकडचे पडले तर नाही, इतकं लहानपणी तुमच्याकडे पाहिलेलं आठवत होतं. डावीकडचे पडले. पुन्हा लावला, पुन्हा डावा! तेवढं एक उलट टपाली कळवा: डावा म्हणजे देवीचा डावा, की माझा?