काळ्या-हिरव्या चौकटीतली खोली

प्लोवदिव, ४ मार्च

चि. गारो यास सिरानुशताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इथली बातमी बरी नाही. वस्तीतली आमची मदतखोली नगरसभा बंद करणार आहे. गुरुवारी, वीस तारखेला दहा वाजता सभा. कारण काय, तर म्हणे लोकांना तिची गरज नाही. अरे, तुर्क, रोमा, बल्गेरियन, आपण आर्मेनियन, मंगळवारी नर्स येते तेव्हा सगळ्यांची रांग बेकरीपर्यंत जाते. वस्तीतल्या तुर्क नेफिसेबाईंचा इन्सुलिनचा अर्ज मीच भरते. शहरातल्या कचेरीत त्यांना कुणी खुर्चीसुद्धा देत नाही. खोली गेली की त्यांचं औषध गेलं.

सभेची सूचना महिनाभर दारावर आहे, कुणी ढुंकून पाहत नाही. पण भिंतीवरचं निधनाचं पत्रक आपल्याकडे कोण वाचत नाही? तेव्हा तुझ्या छापखान्यात खोलीचंच पत्रक काढ. चाळीस ख्रिश्चनांसाठी काळ्या चौकटीत, चाळीस मुसलमानांसाठी हिरव्या चौकटीत. खोलीचं वय अकरा वर्षं, अखेरचा निरोप नगरसभेत, गुरुवारी दहाला. फोटो सोबत आहे. दारात मी उभी आहे, पण खोलीचा दुसरा फोटोच नाही.

मुलांना पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

वार्ना, ९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत, आता तरी गप्प बसशील असं वाटलं होतं. तुझी भावजय अनुश म्हणते, ताईंना समजावण्यापेक्षा समुद्राला समजवा. पत्रकं छापून पाठवली आहेत. छापताना माझ्या कारागिरानं छातीवर दोनदा क्रूस काढला. फोटोत तू खोलीपेक्षा मोठी दिसतेस, एवढं सांगून ठेवतो.

रागावलीस तरी लोभ आटू नये.
गारो

प्लोवदिव, २१ मार्च

चि. गारो यास आशीर्वाद.

तुझं खरं ठरलं. लोकांनी फोटो पाहिला, चौकट पाहिली, वेळ आणि जागा पाहिली. मजकूर कुणी वाचलाच नाही. दोनशे माणसं माझ्या अंत्ययात्रेला आली. बल्गेरियन बायकांनी मयताला वाटतात ते उकडलेले गहू आणले, नेफिसेबाईंनी मयताचा हलवा. मी सभागृहाच्या दारात उभी. एक म्हातारा म्हणाला, मेलीस तरी कामावर आलीस का गं. नेफिसेबाईंनी मला चिमटा काढून खात्री केली आणि पिशवीतून अर्ज काढला. म्हणाल्या, जिवंत आहेस तर भर.

मग सगळ्यांनीच काढले. मी सभेच्या टेबलावरच बसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, हे बाहेर करा. मी म्हटलं, बाहेर कुठे करू, ती खोली तर तुम्ही आज बंद करताय. लवकर आटपावं म्हणून त्या स्वतःच एक अर्ज ओढून भरू लागल्या. तिसऱ्या अर्जाला त्यांनी विचारलं, ही रांग कुठे संपते. मी म्हटलं, खाली रस्त्यावर बघा.

दहाचं मतदान दोन वाजता झालं. खोली बंद करायला एकही हात वर गेला नाही.

नेफिसेबाईंनी मात्र मला माफ केलेलं नाही. फुकट रडवलंस म्हणाल्या, आणि हलवा झाकून घरी घेऊन गेल्या.

आठवण ठेव, पत्र लिहीत राहा.
तुझी, अजून धडधाकट असलेली,
सिरानुशताई