टाचेच्या दुखण्याला खुब्याचा दाखला जोडल्याबाबत

प्रति,
मा. सचिव साहेब,
कृषी उत्पन्न उपबाजार, सालईखेडा, जि. अमरावती

विषय : मापारी परवाना परत मिळणेबाबत.
संदर्भ : परवाना रोखल्याची आपली नोटीस, दि. ६ नोव्हेंबर २००६.

महोदय,

१. अर्जदार खुशालराव श्रावणजी भुयार हा या बाजारात सव्वीस वर्षांपासून पोती तोलतो. तोलताना भार उजव्या पायावर आणि डावा पाय शेजारच्या पोत्यावर, ही मापाऱ्यांची जुनी रीत. त्यामुळे डावा खुबा सव्वीस वर्षे बसून खात आला आणि आता भोगते आहे डावी टाच. सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवला की खिळा घुसतो. परतवाड्याच्या फिजिओथेरपिस्ट यास्मीन मॅडमने पाहिली टाच आणि दाबला खुबा. म्हणाल्या, "काका, बोंबलून राहिली टाच, पण कामचोर तुमचा खुबा आहे." डावा पाय बाजूला उचलायचा, वीस वेळा, दिवसातून तीनदा, असा व्यायाम दिला.

२. दि. २ रोजी अर्जदाराने तो व्यायाम काट्याला खेटून केला, ही चूक कबूल आहे. सोयाबीन घेऊन आलेले शेषराव म्हणाले, "काहून बे खुशाल, पायानं काटा उचलून माहा माल हलका करून राहिला काय?" त्यांनी तक्रार दिली, तरी अर्जदाराला राग आला नाही. यंदा भाव असा पडला आहे की शेतकऱ्याने पावशेरासाठीही भांडावे.

३. आपल्या कार्यालयाने दाखला मागितला, तो दिला. बाबूंनी त्यावर शेरा मारला : "तक्रार टाचेची, दाखला खुब्याचा. अवयव जुळत नाही." अर्जदार टाचेचा दाखला मागायला गेला असता मॅडम म्हणाल्या, दोष खुब्यात आहे, खोटे लिहिणार नाही. ही बाई आपल्या कार्यालयात चार दिवस टिकणार नाही.

४. दि. ७ रोजी आपल्यासमोर व्यायाम करून दाखवताना खुबा खचला आणि अर्जदार काट्यावर बसला, हेही खरे. काट्याने एकसष्ट किलो दाखवले. अर्जदाराचे वजन तेवढेच आहे, सबब काटा निर्दोष आहे. शेषरावांची पोतीही फेरतोलात बरोबर भरली. त्यांनी तसे लिहून दिले आणि जाताना, "माही बी टाच दुखते," म्हणून व्यायाम विचारून घेतला.

५. तरी सोयाबीनची आवक संपण्यापूर्वी परवाना परत द्यावा. अर्जदाराला दुसरे काम येत नाही आणि घरी बसून खुबा आणखी माजेल. जाता जाता एक नमूद करणे भाग आहे. कार्यालयाचा जिना चढताना आपली कंबर एका बाजूला कलते आणि टाच आपण जपून टेकता. सव्वीस वर्षे काट्यावर गेल्याने कलते ते अर्जदाराला लगेच दिसते. ही बाब बाबूंना कळवलेली नाही.

तूर्त दोन्ही पायांवर उभा, आपला नम्र,
खुशालराव श्रावणजी भुयार
दि. ९ नोव्हेंबर २००६

सोबत :
१) खुब्याचा दाखला.
२) शेषरावांचे लेखी म्हणणे.
३) व्यायामाचा कागद, दोन प्रती. एक फाइलला लावावी, एक साहेबांनी घरी न्यावी.