निम्म्याची अट

गारखेडा, औरंगाबाद
रविवार, ९ नोव्हेंबर २०१४

प्रिय दादा,

सा. न. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा रक्तदाब काल १४०/९० होता, गोळी वेळेवर घेते. थंडी अजून म्हणावी तशी पडलेली नाही. वहिनीने पाठवलेला स्वेटर आईने कपाटात ठेवून दिलाय. तिकडे गेल्यावर घालीन म्हणते.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण कागदांचं पाकीट कुरिअरने जाणारच आहे, त्यात चार पानं सहज मावतात. शिवाय तू फोन स्पीकरवर ठेवतोस आणि इकडे आई माझ्या शेजारी बसलेली असते.

पाकिटात आईच्या पासपोर्टच्या प्रती, पोलिसांचा दाखला, आण्णांचा मृत्यूचा दाखला, लग्नाचं प्रतिज्ञापत्र, चार फोटो (मागच्या फोटोत पदराने कान झाकले होते, आता दोन्ही दिसतात), आपल्या जन्माच्या नोंदी आणि आईने सही केलेला अर्ज आहे. सगळं दोनदा तपासलंय. आणखी एक कागद आहे, तो सगळ्यात खाली ठेवलाय.

इतका उशीर का झाला, हे तू नवरात्रात विचारलंस. "इंजिनिअर कशाला झालीस, घरातला साधा कागद सापडत नाही तुला," असं म्हणालास. तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आपण हे काम फेब्रुवारीत सुरू केलं. मार्चमध्ये आईचा शाळेचा दाखला हरवला. तो एप्रिलमध्ये सापडला, तर लग्नाची पत्रिका हरवली. मग आपल्या जन्माच्या नोंदी. मला वाटलं, आई विसरायला लागली. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अर्धा तास प्रश्न विचारले आणि म्हणाले, "यांना माझ्यापेक्षा जास्त आठवतं."

वाळूजला माझं काम मोजमापाचं आहे. एखादा भाग दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल तर मशीन बिघडलेलं नसतं, कुणीतरी ते तसं लावलेलं असतं. हे घरात लक्षात यायला मला आठ महिने लागले.

आता अटीबद्दल. तू पाठवलेले नियम मी शब्द न् शब्द वाचले. आई-वडिलांना कायमचं तिकडे न्यायचं तर त्यांची निम्मी मुलं तरी ऑस्ट्रेलियात कायमची राहणारी हवीत. तू दोन मुलं धरलीस. एक तिकडे, एक इकडे. निम्मी झाली, अट बसली. पण तीन मुलांत एक म्हणजे तिसरा हिस्सा. तो बसत नाही. आणि अर्जातल्या तक्त्यात सगळी मुलं लिहायची असतात. बोलणं असो नसो, तोंड बघत असोत नसोत.

म्हणून मी त्या दिवशी फोनवर विचारलं होतं, आशाताईचं काय लिहू? तू म्हणालास,

"आपल्याला ती मेली ना, सरू. नऊ वर्षं झाली."

"अर्जाला मेलेली चालते, दादा. दाखला लागतो."

"मग आण दाखला," म्हणालास आणि हसलास. वहिनीही हसल्याचं ऐकू आलं. नंतर म्हणालास, तिच्याकडून शंभराच्या स्टॅम्पवर लिहून आण, माझा या घराशी संबंध नाही म्हणून. आईसाठी तेवढं तरी करेल ती. असल्या कागदाला नियमात जागा नाही, हे मी सांगितलं. तू म्हणालास, आण तर खरं, वकील बघेल.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या अंघोळीबद्दल आपण नंतर कधीच बोललो नाही. आशाताई मुंजाबाबरोबर गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी तू पुण्याहून आलास. आण्णा दोन दिवस नुसते बसून होते. तू म्हणालास, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात गेली ती, तिच्या नावाने अंघोळ करून मोकळे होऊ. आण्णांनी केली. तू केलीस. आईने डोक्यावरून दोन तांबे घेतले आणि ओल्या केसांनीच स्वयंपाकाला लागली. मी सोळा वर्षांची होते. मला कुणी कर म्हटलं नाही आणि मी केली नाही. पण गीझरचं बटण मी लावलं होतं.

१२ ऑक्टोबरला, रविवारी, मी खुलताबादला गेले. स्कूटीच्या काट्यावर आपल्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत एकोणतीस किलोमीटर होतात. आईला सांगितलं, कंपनीत ओव्हरटाइम आहे. मुंजाबाचं छोटं किराणा दुकान आहे, मागे घर. दुकान बंद होतं. उंबऱ्यात त्याची आई, म्हाळसाबाई, डाळ पाखडत बसली होती.

"कोण पायजे?"

"आशाताई आहे का? मी तिची बहीण."

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे, मग स्कूटीकडे, मग परत माझ्याकडे बघितलं.

"लवकर आलीस की गं," म्हणाली. आणि आत तोंड करून, "मुंजा, भाईर ये. तुझी मेव्हणी आली. सवड घावली तिला."

मुंजाबाने मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. पोटुशी असताना सहाव्या महिन्यात आशाताईला कावीळ झाली होती, म्हणाला. आधी गावातच औषध घेतलं, मग औरंगाबादला आणलं. दहा दिवस ठेवलं होतं. ती गेली, पोटातलं मूलही गेलं. हॉस्पिटलचं नाव त्याने सांगितलं तेव्हा मी मनात अंतर मोजलं. आपल्या घरापासून ते तीन किलोमीटरवर आहे. मी रोज बसने त्याच्यासमोरून जाते.

तो चिडला नाही. "आईची तब्येत बरी हाय का?" असं विचारलं त्याने. मी म्हटलं, बरी आहे. "मंग बरं. आशा लई इचारायची. सणावाराला तर लईच." म्हाळसाबाईने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "पी. पाण्याला कशाचा इटाळ." मी प्यायले. निघताना मुंजाबाने मला एक गोष्ट विचारली. मी स्कूटी सुरू केली.

माझ्या खांद्यावरच्या बॅगेत शंभराचा स्टॅम्प पेपर होता. तो मी बाहेर काढला नाही.

दादा, सगळ्यात खाली ठेवलेला कागद म्हणजे तू मागितलेला दाखला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, त्यामुळे ती खुलताबादला नव्हती, इथेच होती. आण्णांचा दाखला मी ज्या खिडकीवर काढला, त्याच खिडकीवर हा मिळाला. तारीख २ ऑगस्ट. वय एकतीस. पतीच्या रकान्यात मुंजाबा, वडिलांच्या रकान्यात कारभारी, आईच्या रकान्यात द्वारकाबाई. शुद्धलेखनाची चूक नाही, तारखा जुळतात. १७ ऑक्टोबरला मिळाला. भाऊबीजेला लॅपटॉपसमोर तुला ओवाळलं तेव्हा तो माझ्या कामाच्या बॅगेत होता.

आईला मी मागच्या रविवारी सांगितलं. सांगणं भागच होतं, अर्जावर सही तिची हवी आणि तक्ता वाचल्याशिवाय ती सही करणार नाही, चौथी शिकली असली तरी. ती मेथी निवडत होती. मी एका वाक्यात सांगितलं. तिने मान वर केली नाही. माझ्या आवाजावरून तिला कळलं असावं की हे तपासून सांगतेय.

मला दुसरं काही सुचेना म्हणून मी गीझर लावला. दहा मिनिटांनी म्हटलं, "आई, पाणी तापलंय."

"कशाला?"

"अंघोळ करावी लागते ना. कळल्यावर."

"केली की म्या," आई म्हणाली. "नऊ वरसं झाली."

"आई..."

"एका माणसाची दोनदा नाय करत कुणी. बंद कर ते, बिल येतंय."

तिने सगळी जुडी निवडली, एकही पिवळं पान ठेवलं नाही. नंतर ती भाजी केली नाही. पातेल्यात तशीच पडून होती, मंगळवारी मी टाकली. ती रडलेली मी बघितली नाही. रात्री रडत असेल तर मला माहीत नाही, आमच्या खोल्या वेगळ्या आहेत.

सोमवारी मी कामावरून आले तर टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, ज्वारीच्या धुळीने माखलेला. ज्वारीच्या कोठीत तळाशी होता तो. त्यात सगळं होतं. पत्रिका, रेशनकार्ड, आपल्या तिघांच्या जन्माच्या चिठ्ठ्या एकाच दोऱ्याने बांधलेल्या.

"तू लपवलं होतंस?"

"व्हय."

"दादाकडं जायचं नव्हतं का तुला?"

"जायचं व्हतं की. नातवंडं हायेत." मग जरा थांबून म्हणाली, "मला वाटायचं, म्या तिकडं गेले आन् ही एखाद्या दिवशी आली, तर दाराला कुलूप दिसंल तिला."

मी अर्ज काढून तिच्यासमोर ठेवला.

"आता कोण येतंय. सही कुठं करायची ते सांग."

तक्ता तिने मला समोर बसवून भरून घेतला. रामकिसन, आशा, सरू. या क्रमाने, जन्माच्या वारांसह, वाराचा रकाना नसतानाही. आशाताईच्या नावापुढे 'मृत' लिहिलं, ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि मग सही केली. एकदाच विचारलं, किती दिवस लागतील? तू सांगितलेलं मी सांगितलं, दोन वर्षं तरी. "लागू दे," म्हणाली. पूर्वी दोन वर्षं म्हटलं की तिला फार वाटायची.

हयात मुलं दोन, त्यांतलं एक तिकडे. तेव्हा अट आता बसते.

एक अडचण राहते. नमुना म्हणून तू मला तिकडे कायम राहण्यासाठी केलेल्या तुझ्या २००८च्या अर्जाची प्रत पाठवली होतीस. त्यात भावंडांच्या रकान्यात एकच बहीण आहे. आईच्या अर्जात मुलं तीन आहेत. दोन्ही अर्ज एकाच खात्यात असणार. ते शेजारी शेजारी ठेवून बघतील की नाही, मला सांगता येत नाही. मी तिथे असते तर बघितले असते. तक्ता बदल असं मी आईला सांगणार नाही. तुला सांगायचं असेल तर तू तिला फोन कर आणि तेवढा वेळ स्पीकर बंद ठेव.

आता जे लिहायचं नव्हतं ते. आमच्या विभागात फोन आत नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवतो. २८ जुलैला शिफ्ट संपल्यावर मी फोन काढला तर एकाच नंबरचे चार मिस्ड कॉल होते. नंबर मला माहीत होता. मला नोकरी लागली तेव्हा आशाताईने त्यावरून एकदा फोन केला होता. आम्ही दीड मिनिट बोललो होतो, शेवटी तीच म्हणाली होती, "ठेव, आई येईल." मी तो नंबर नाव न घालता ठेवला होता. २८ जुलैला मी उलट फोन केला नाही. बस सुटत होती, घरी आई होती, दुसऱ्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. त्यानंतर ती पाच दिवस होती, तीन किलोमीटरवर.

मुंजाबाने निघताना विचारलं ते हेच. "ताई, तवा तुमचा फोन बंद व्हता का? ती म्हनत व्हती, सरू उचलील."

हे आईला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आपल्याला कुणी कळवलंच नाही. तसंच वाटू दे, की सांगू, हे मला ठरवता आलेलं नाही. तुझ्याकडे सल्ला मागत नाही. अंघोळ तुम्ही तिघांनी केली आणि मी केली नाही, असं मी नऊ वर्षं मनात धरून होते. ते मोजमाप चुकीचं होतं, एवढंच तुला कळवायचं होतं.

दाखल्याची साक्षांकित प्रत पाठवतेय, चालते. मूळ दाखला माझ्याकडे राहील.

आईच्या दाराला इथे दोन वर्षं तरी कुलूप लागणार नाही. पुढे तू तिला नेल्यावर मी या घरात राहीन की नाही, ते तेव्हा बघू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

२००८ मध्ये तू अर्जात जे लिहिलं होतंस, ते २ ऑगस्टपासून खरं आहे.

तुझी एकुलती बहीण,
सरू