टिटवी मेलेली नाही

१२ सप्टेंबर, शुक्र.
सकाळी स्वयंपाकघरातून मंगलची हाक. "वहिनी, आलं! आलं!" मला वाटलं सिलिंडर आलं. आमच्या हेरपटाच्या चौथ्या भागाचा टीझर आला होता. पिठाच्या बोटांनी धरलेला मोबाइल तिने माझ्या नाकासमोर आणला. नदी, गोळीबार, धूर. आणि शेवटी चुलीपुढे भाकरी थापणारे दोन हात. चेहरा नाही.

तिसऱ्या भागाच्या शेवटी त्यातली हेर नायिका, टिटवी, धरणाच्या भिंतीवरून पाण्यात पडली. सगळ्या देशाने तिला मेलेलं धरलं, मंगलने नाही. आज तिला पुरावा मिळाला. दुसऱ्या भागात टिटवी वेष पालटून एका खेड्यात राहते, तेव्हा भाकरी थापताना करंगळी वर धरते. या हातांचीही करंगळी वर आहे.
"तोंड कुणीबी रंगवील, वहिनी. हात वळखायला येत्यात."
ती मेसच्या पोरांसाठी दोन्ही वेळच्या भाकऱ्या करते. या विषयात तिच्याशी कोण वाद घालणार?

१४ सप्टें., रवि.
विलासला पुन्हा पाव्हण्यांचा, मंगलच्या नवऱ्याचा, फोन. मंगलला नांदायला पाठवा. तिचं उत्तर ठरलेलं, "चौथा भाग येऊ दे, दादा. मग बघू." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो. आता विलास हसत नाही. पण त्याला पुढे बोलताही येत नाही, कारण तिने नाही म्हटलेलंच नसतं.

मागच्या दिवाळीनंतर एक पिशवी घेऊन ती इथे गारखेड्यात आली. मी विचारलं नाही. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तिच्या लग्नात येत होतं. सिनेमाला गेलो की ती रांगेत डाव्या टोकाला बसते, मी तिच्या उजवीकडे. विलासला हे अजून कळलेलं नाही, की कळूनही...

२१ सप्टें., रवि.
वाईट बातमी. निर्मात्याची मुलाखत आली. "प्रेक्षकांना ताजा चेहरा हवा." नवी मुलगी घेतली म्हणे, चोवीस वर्षांची.
खालच्या शबानाच्या दुकानात फॉल लावायला गेले तर तिथे मशीन बंद ठेवून शोकसभा चालू. फोनवरचा 'टिटवी गारखेडा' हा ग्रुप शबानाचाच.
"ताज़ा क्या होता वैनी? मेथी की जुड़ी है क्या वो?"
मंगल म्हणाली, "आन ती पाण्यात पडून मेली म्हणत्यात."
"पानी में गिरी तो मरती क्या? हीरोइन है, नमक नै है घुलने कू."
खूप हसलो. घरी आल्यावर आरशात पाहिलं. टिटवीचं काम करणारी बाई माझ्या वयाची. ती तीन भाग धावली, भिंती चढली, मारलं, मार खाल्ला. आता तिने कुणाची तरी आई व्हावं, नाहीतर मरावं, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हणते.

४ ऑक्टो., शनि.
वाचनालयात माझ्या पुस्तकावर चर्चा. नंतर चहाला एक निवृत्त प्राध्यापक. "ताई, तुम्ही इतकं गंभीर लिहिता, आणि त्या गुप्तहेरांच्या पटांना पहिल्या दिवशी जाता म्हणे?" 'पटांना' म्हणताना त्यांनी कपातली माशी काढावी तसा चेहरा केला.
"जाते. शिट्टीही वाजवते."
खोटं. शिट्टी मंगल वाजवते. मला अजून जमत नाही. आजपासून शिकायचं.

१२ ऑक्टो., रवि.
दौलताबाद. टीझरमधली चूल किल्ल्याखालच्या एका अंगणात मांडली होती अशी शबानाची खबर. तिघी बसने गेलो. रस्त्याकडेला सीताफळं विकणाऱ्या बाईला विचारलं, इथं शूटिंग कुठं झालं?
"माझ्याच दारात की."
मंगलने मोबाइल काढून ते हात दाखवले. बाईने पाहिलं आणि लाजली.
"हे हात माझं हायती."
बाई सांगत राहिली. मुंबईच्या बाईला भाकरी जमंना, थापली की फाटायची. मग हिला बसवलं, हिच्या बांगड्या उतरवल्या, दुसऱ्या चढवल्या.
महिनाभर आम्ही शेकडो जणींना सांगत होतो की हात खोटं बोलत नाहीत. सिनेमात हातही भाड्याने मिळतात, हे तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. भाकरी दिसली आणि आम्ही भुललो. शबाना दगडावर बसली. मंगल सीताफळ हातात घेऊन नुसती उभी. मला तिच्याकडे पाहवेना. आता दादाला काय सांगणार ही?

मग तिनेच विचारलं, "मावशी, तुम्ही करंगळी अशी वर धरता व्हय रोज?"
"नाय बा. अशानं कुठं थापती व्हय भाकर? त्यो मुंबईवाला लई माग लागला. करंगळी वर, करंगळी वर. बोट दुखलं माझं."
मंगलने माझा दंड असा धरला की अजून दुखतोय.
"आणि ती मुंबईची बाई? म्हातारी का तरणी?"
"तोंडाला वढणी, डोळ्याला काळा चष्मा. काय कळंना."
परतताना बसमध्ये मंगल खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "हात कुणाचंबी असू दे. करंगळी तिची हाय."

१३ ऑक्टो., सोम.
काल ग्रुपवर शबानाने सगळं खरं लिहिलं. आधी शिव्या आल्या, मग करंगळीवर नव्याने वाद. आशा किती चिवट असते यावर काहीतरी लिहायला बसले होते. खोडलं. भाकरी शिकायला बसले. फाटली.

२३ ऑक्टो., भाऊबीज
मंगलने ओवाळलं. विलासने ताटात साडी ठेवली आणि तिथेच म्हणाला, "पुढच्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला पाव्हणे येतायत. चार माणसं घेऊन. समोरासमोर बसून मिटवू."
"अठ्ठावीसला पिच्चर हाय."
"मंगल, तुझं हसू होतंय."
"होऊ दे. साडी राहू दे दादा, तारीख बदल. तेवढी ओवाळणी घाल."
त्याने बदलली नाही. निरांजन विझेपर्यंत दोघं पाटाच्या दोन बाजूंना बसून होती. मला वाटलं, आता कानाचं सांगेल. नाही सांगितलं. स्वयंपाकघरात आल्यावर मी म्हटलं, मी सांगू? म्हणाली, "त्याला डोळं हायती."

१४ नोव्हें., शुक्र.
पोस्टर. नवी मुलगी, हातात बंदूक, केस मोकळे. टिटवीचा पत्ता नाही. ग्रुपवर सामसूम. मंगलने पोस्टर बोटांनी ताणून मोठं केलं, कोपरा न् कोपरा पाहिला, काही सापडलं नाही. "असू दे," म्हणाली आणि पिठाचा डबा काढला. तिचा आवाज नेहमीचाच होता. भाकऱ्या मात्र आज जाड झाल्या, मेसच्या पोरांनी विचारलं म्हणे.
विलास म्हणाला, "आता तरी?"
मीच म्हटलं, "अजून यायचाय सिनेमा."

२८ नोव्हें., शुक्र.
सकाळ. घाईत लिहिते. पाव्हणे अकराला येणार. आमचा खेळ साडेअकराचा, पण दहालाच निघतोय. जुन्या टॉकीजमध्ये अजून खिडकीवर कागदी तिकीट मिळतं. मंगलने काल चार काढली. आम्हा तिघींची, आणि एक...
विलास इस्त्रीचा शर्ट घालून बैठकीत बसलाय. पाहुण्यांचं चहापाणी मी करणार हे त्याने धरलेलंच. पोहे भिजवलेले नाहीत. सांगितलं त्याला. लग्नानंतर पहिल्यांदा असं काही सांगितलं असेल.

मंगल भाऊबिजेचं ताट घेऊन बाहेर आली. त्यात सुपारीशेजारी चौथं तिकीट. त्याच्यासमोर ठेवलं. मग त्याच्या डाव्या हाताला जाऊन बसली, कधी बसत नाही तशी, उजवा कान त्याच्याकडे करून.
"आता बोल. या कानानं ऐकू येतं."
तो पुढे वाकून तिच्या दुसऱ्या कानाकडे पाहत राहिला. मग एवढंच, "आणि ती टिटवी परत नाही आली तर?"
"नाय आली तर नाय. मी नांदायला जात नाय."

शबाना खालून हाका मारतेय. मी पर्स शोधतेय. खिडकीतून वारा येतोय, ताटातलं तिकीट उडू बघतंय. आत्ता इथून दिसलं, विलासने त्यावर सुपारी ठेवली.